१८७च्या पुढचे पास

कालचे अडीचशे रुपये अजून घशाखाली उतरलेले नाहीत.

डोंबिवलीहून सकाळची फास्ट, चौथ्या सीटवर अर्धं बूड, मांडीवर लॅपटॉप, कानाला पुण्यातला सहकारी. आमचा प्रोग्राम ओ-झीरोवर, म्हणजे वेग वाढवणारं ऑप्टिमायझेशन बंद असताना, गुणी बाळ आणि ओ-टूवर, म्हणजे ते चालू असताना, गणितात नापास. कोड वेगवान करायला कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) त्याच्यावरून शेकडो हात फिरवतो, त्यातल्या एका हातानंतर बिघडत होतं. या एकेका हाताला आमच्या धंद्यात 'पास' म्हणतात. इथेच घात झाला.

"१८७पर्यंतचे पास चालू ठेव, पुढचे सगळे बंद!" मी ओरडलो.

शेजारच्या काकांनी पेपर खाली घेतला. "पास बंद?"

"ते वेगळे हो काका."

"एसीचे?"

"कंपायलरचे."

"कल्याणचे? मग डोंबिवलीचे चालू आहेत ना? मी परवाच तीन महिन्यांचा काढलाय."

दारातून कुणीतरी विचारलं, "कुणाचे पास बंद झाले?"

"१८७पर्यंतचे चालू आहेत म्हणे," काकांनी परस्पर जाहीर केलं.

"नंबर कुठे बघायचा?" चार जणांनी पाकिटं उघडली. एकाने रेल्वेमंत्र्यांचा उद्धार सुरू केला.

इकडे सहकाऱ्याचं वेगळंच. जीसीसी या कंपायलरवर ओ-झीरो लावून, एफने सुरू होणाऱ्या पर्यायांनी हवे तेवढे पास चालू करायचा त्याचा घाट. अरे, ओ-झीरो म्हटलं की बहुतेक ऑप्टिमायझेशन बंदच, मग कितीही एफ जोड! उलट ओ-टूवर बंद करणारे सगळे 'एफ-नो' ओतले तरी ओ-झीरो होत नाही, कारण प्रत्येक ऑप्टिमायझेशनला स्वतंत्र बटण नाहीच. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. पण मॅन्युअल वाचणं आमच्याकडे कमीपणाचं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरवरही तेच रडगाणं निघालं म्हणून शेवटी त्याचा ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट हा पर्याय. आकडा द्यायचा, त्यापुढचे पास तो गाळतो. दर वेळी निम्मे करत गेलं की हजार पासांतला गुन्हेगार दहा खेपांत हाती लागतो.

लागला. आणि निर्दोष निघाला! चूक आमच्याच जुन्या कोडात. चिन्हांकित इंट, म्हणजे अधिक-उणे दोन्ही धरणारा पूर्णांक, मर्यादेबाहेर जात होता, आणि सीमध्ये असं घडणारच नाही हे कंपायलर गृहीत धरतो. ते लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय. साहेब म्हणतात, ओ-झीरोवर चालतं ना, तसंच पाठवा. म्हणजे माझी सकाळ गेली ती गेलीच.

दादरच्या पुलावर टीसीने हात आडवा घातला. मी ऐटीत पास काढला. रविवारीच संपलेला. अडीचशे दंड, वर भाडं.

पावती फाडून होईपर्यंत काका मागून आले, थांबले आणि टीसीला समजावून सांगू लागले, "यांचा १८७च्या पुढचा असेल."