पॉलिसी पाहून पाय पसरा

आजारी पडायला हरकत नाही, पण आधी आरोग्य विम्याची पॉलिसी वाचा. लोक उलटं करतात. आधी छातीत कळ येते, मग कपाटातली फाईल शोधतात. या उतावळेपणापायी चांगले चांगले क्लेम बुडाले आहेत.

मोतीबिंदूचंच घ्या. बहुतेक पॉलिस्यांत पहिली दोन वर्षं त्याचे पैसे मिळत नाहीत (याला वेटिंग पिरियड म्हणतात), म्हणजे तोवर त्याला पिकायची परवानगी नसते. डोळ्याला तसं बजावून ठेवा. मधुमेह आधीपासून असेल, तर पूर्वी चार वर्षांपर्यंत कळ काढावी लागे. २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे. तेवढ्या काळात साखरेनं आगाऊपणा करू नये, इतकंच पाहायचं. आणि थांबायची लाज कसली? सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असं २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं. २०२१-२२मध्ये गाडी १.८४ टक्क्यांवर होती. सरकारनं स्वतःसाठी आठ वर्षांचा वेटिंग पिरियड घेतला, आणि तुम्हाला तीन जड जातात!

आता खोली. भल्याभल्यांचा घात इथेच होतो. समजा, पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याला एक टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही म्हणता, आईला जरा निवांत झोप लागू दे, वरचे तीन हजार आपण भरू. घेता आठ हजारांची खोली. कंपनी तुमचं मातृप्रेम बारकाईनं वाचते आणि त्याच पाचास आठच्या प्रमाणात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचं भाडं, सगळ्यालाच कात्री लावते. या बाबींचे १,६०,००० झाले असतील, तर मंजूर १,००,०००. आईची झोप साठ हजारांना पडली, खोलीचे वरचे पैसे वेगळेच. (हॉस्पिटलंही काही कमी नाहीत म्हणा. तोच सर्जन, तेच अपेंडिक्स. पण पेशंट एसी सिंगल रूममधला असला की अपेंडिक्सचा भाव वाढतो.) तेव्हा जनरल वॉर्डच घ्या. शेजारचा रात्रभर खोकला, तर तेवढीच सोबत.

ऑपरेशनच्या आधी सर्जनला हातमोजे काढायची नम्र विनंती करा. पॉलिसीत वेगळी सोय नसेल तर ज्यांचे पैसे मिळत नाहीत, अशा ६८ बाबींची यादी आहे. हातमोजे, मास्क, किडनी ट्रे, सगळे तिच्यात. मोकळ्या हातांना मात्र यादीत कुठेही मनाई नाही.

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून गेला. पेढे आणा, पण वाटू नका. नूतनीकरणाची नोटीस येऊ द्या, वाढलेलं वय आणि नवा प्रीमियम बघा, मग ठरवा.

राहता राहिला डिस्चार्ज. कॅशलेसचा, म्हणजे कंपनीनं हॉस्पिटलचं बिल परस्पर भरण्याचा, पहिला निर्णय तासाभरात, शेवटची मंजुरी तीन तासांत, असा २०२४चा नियम आहे. फक्त हे तीन तास हॉस्पिटलनं मागणी पाठवल्यावर सुरू होतात, आणि फाईल अजून बिलिंगमध्ये असते. म्हणून सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘घरी न्या’ म्हणाले, की लगेच आईला साडी नेसवून, चपला घालून कॉटवर बसवू नका. दुपारचं जेवण तिथेच सांगा. आणि रिक्षा तर मुळीच बोलावून ठेवू नका. तो वेटिंगचे पैसे लावतो.