डीएनपी केलं म्हणजे सायकियाट्रिस्ट झालात का? एका फिरत्या मेसेजला उत्तर

नर्सिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: "अमेरिकेत २०२५ पासून नर्स प्रॅक्टिशनर व्हायला डॉक्टरेट सक्तीची झाली आहे, नुसत्या मास्टर्सला किंमत उरलेली नाही. तीन वर्षांचा डीएनपी घरबसल्या ऑनलाइन करा. नावापुढे 'डॉ.' लावा, सायकियाट्रिस्टच्या बरोबरीने औषधं लिहा, बरोबरीने कमवा. तिकडे नाही जमलं तर परत येऊन इथे स्वतःचं क्लिनिक टाका." खाली कुणा कन्सल्टंटचा नंबर. मी मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते, त्यामुळे कुणी ना कुणी "मॅडम, हे खरं आहे का?" म्हणून हा पाठवतच असतं. एकेकीला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मेसेज निव्वळ थापेबाजी असता तर सोपं होतं. डीएनपी, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, ही नर्सिंगमधली खरीखुरी डॉक्टरेट पदवी आहे. सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर, तिकडच्या बोलीत पीएमएचएनपी, हे पदही खरं आहे; ती रुग्ण तपासते, निदान करते, औषधं लिहिते, थेरपी देते. गडबड अशी की मेसेज लिहिणाऱ्याने पदवी आणि परवाना एकाच भांड्यात कालवलेत. पदवी विद्यापीठ देतं. रुग्णाला औषध लिहिण्याची मुभा राष्ट्रीय सर्टिफिकेशन आणि त्या त्या राज्याचं नर्सिंग बोर्ड मिळून देतात. पुढच्या बहुतेक चुका या एका घोटाळ्यातून आल्यात.

आधी सक्तीचं बघू, कारण घाबरवायला तेच वापरलं जातं. डीएनपी हा प्रवेशाचा किमान दर्जा असावा, हा आग्रह जुनाच आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगने ऑक्टोबर २००४ मध्ये ठराव केला की प्रगत नर्सिंगचं शिक्षण २०१५ पर्यंत मास्टर्सवरून डॉक्टरेटवर न्यायचं. २०१५ आलं आणि गेलं, मास्टर्सचे वर्ग चालूच राहिले. मग २०१८ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर घडवणाऱ्या प्राध्यापकांच्या संघटनेने, नॉन्फने, २०२५ हे साल पुढे केलं. मेसेजमधलं २०२५ बहुधा इथूनच उचललंय. पण या दोन्ही संस्था शिक्षणक्षेत्रातल्या आहेत. त्यांचा ठराव म्हणजे कायदा नाही, आणि परवाना देणं त्यांच्या हातात नाही.

पीएमएचएनपीची प्रचलित सर्टिफिकेशन परीक्षा अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर घेतं, आणि तिला मास्टर्स, मास्टर्सनंतरचं सर्टिफिकेट किंवा डीएनपी, यातलं काहीही चालतं. पेपर सगळ्यांना एकच, नावामागे लागणारी अक्षरंही तीच. ज्यांना या वर्षांत खरोखरच डॉक्टरेटची सक्ती झाली त्या भूल देणाऱ्या नर्सेस. त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेने १ जानेवारी २०२२ पासून नवा प्रवेश फक्त डॉक्टरेटलाच ठेवला. एका शाखेचा नियम उचलून सगळ्यांच्या माथी मारला की मेसेज तयार होतो.

"घरबसल्या ऑनलाइन" हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा शब्दप्रयोग आहे. थिअरी ऑनलाइन असते, बरीच विद्यापीठं तशी शिकवतातही. क्लिनिकल मात्र ऑनलाइन होत नाही. परीक्षेला बसायला किमान ५०० तास देखरेखीखाली रुग्णांसोबत काढलेले हवेत. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी अभ्यासक्रमांसाठी तो आकडा ७५० तासांवर नेलाय. हे तास ज्या राज्यात करायचे तिथला आरएनचा, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा, परवाना हातात लागतो. म्हणजे आधी तुमच्या पदवीचं मूल्यांकन, मग एनक्लेक्स ही तिकडची नर्सिंग परवान्याची परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. जीएनएमवाल्यांना, म्हणजे नर्सिंगची पदवी नव्हे तर डिप्लोमा केलेल्यांना, तर त्याआधी डिग्रीची अडचण सोडवावी लागते. एनक्लेक्स मुंबईत देता येते, ७५० तास मुंबईत भरून देता येत नाहीत.

आणि व्हिसा? पूर्ण ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. एफ-वन व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय मोजला जातो. नर्स म्हणून नोकरीच्या ग्रीन कार्डवर जायचं तर भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. हे कन्सल्टंटला माहीत नसतं असं मला वाटत नाही.

प्रिसेप्टरबद्दलही मेसेज गप्प आहे. प्रिसेप्टर म्हणजे आपल्या हाताखाली विद्यार्थिनीला रुग्ण बघू देणारी अनुभवी पीएमएचएनपी किंवा सायकियाट्रिस्ट. आपल्याकडे पोस्टिंग कॉलेज लावून देतं, यादी नोटीस बोर्डावर लागते आणि आपण बसमध्ये बसतो. तिकडच्या अनेक ऑनलाइन कोर्सेसमध्ये प्रिसेप्टर विद्यार्थिनीलाच शोधावा लागतो. न मिळाल्यामुळे सत्र पुढे ढकलणाऱ्या मुली असतात. मिळवून देण्याचे पैसे घेणाऱ्या कंपन्याही आहेत.

आता 'डॉ.' आणि 'बरोबरी'. डीएनपीधारक व्यक्ती डॉक्टरेट असते, तेव्हा शैक्षणिक अर्थाने 'डॉ.' लावण्यात खोटं काही नाही. रुग्णासमोर लावायचं की नाही, हे राज्याचा कायदा ठरवतो. जॉर्जियात २०२३ च्या कायद्यानुसार डॉक्टरेट असलेल्या नर्सने स्वतःला डॉक्टर म्हटलं तर आपण मेडिकल डॉक्टर नाही हे स्पष्ट सांगावं लागतं. कॅलिफोर्नियात यावरून दंडही झालेला आहे.

प्रशिक्षणाची तुलना करायची तर सायकियाट्रिस्ट चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यावर चार वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं विशेष प्रशिक्षण, करतो. डीएनपीला बीएस्सीनंतर सहसा एकूण १,००० तास प्रॅक्टिसचे धरतात, आणि हे सगळे रुग्णांसोबतचे असतीलच असं नाही. त्यातले बरेच अंतिम प्रकल्पात जातात. तेव्हा डीएनपीवाली मास्टर्सवालीपेक्षा दुप्पट रुग्ण बघून बाहेर पडते, हा समजही खरा नाही.

मग त्या जादा वर्षांत करतात काय? सुधारणेचं काम. पीएचडीत नवं संशोधन असतं. डीएनपीच्या प्रकल्पात आधीच सिद्ध झालेली गोष्ट प्रत्यक्ष वॉर्डात, ओपीडीत होत का नाही ते शोधून ती व्हायला लावायची असते. ओलान्झापिनसारख्या अँटिसायकॉटिक, म्हणजे भास-भ्रमासारख्या गंभीर मनोविकारांवरच्या, औषधांनी वजन, साखर, चरबी वाढते. २००४ मध्येच अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार संघटनांनी मिळून वेळापत्रक घालून दिलं: सुरुवातीला वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड, वजन पुन्हा ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, रक्तदाब, साखर आणि लिपिड १२ आठवड्यांनी. कागदावर सगळ्यांना पाठ. प्रत्यक्षात कंबर मोजायला टेप कुठल्या खणात आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. उपाशीपोटी या असं रुग्णाला सांगायचं काम नेमकं कुणाचं, हेही ठरलेलं नसतं. हे सगळं ठरवायचं, महिनोन्‌महिने नोंद ठेवायची, आकडे सुधारले का दाखवायचं, असा प्रकल्प डीएनपीत चपखल बसतो. मला हे काम मोलाचं वाटतं. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग केलेल्या कुणालाही विचारा, अशा कामाची गरज किती आहे ते. फक्त त्याने औषध लिहिण्याचा अधिकार वाढत नाही.

कमाईही वाढेलच असं नाही. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं, मग तिच्याकडे मास्टर्स असो की डीएनपी. नर्स प्रॅक्टिशनरांचा मधला पगार वर्षाला सव्वालाख डॉलरच्या आसपास आहे. पैसा चांगलाच म्हणायचा, पण सायकियाट्रिस्टचा त्याहून बराच जास्त. "बरोबरीने औषधं" हेसुद्धा राज्यावर अवलंबून आहे. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकते. टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. डीएनपी दाखवून तो करार टळत नाही.

या मेसेजखाली उलट टोकाची एक प्रतिक्रिया हमखास येते: "म्हणजे अर्धवट डॉक्टरच की." तेही मला मान्य नाही. ही शाखा डॉक्टरांची नक्कल करत उभी राहिलेली नाही. आपल्या मुली परीक्षेसाठी ज्या हिल्डगार्ड पेप्लाऊंचा सिद्धांत पाठ करतात, त्यांनी १९५० च्या दशकात रटगर्स विद्यापीठात मानसिक आरोग्य नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून काढायचा आणि आपण कुठे घसरलो ते त्यात बघायचं, हे जे प्रोसेस रेकॉर्डिंग आपण कंटाळत लिहितो, ते याच परंपरेतलं.

कामाचा पोत कळायला एकच तपासणी सांगते. अँटिसायकॉटिक बरीच वर्षं घेतलेल्या रुग्णात अनैच्छिक हालचाली सुरू झाल्यात का, हे एम्स (AIMS, दिल्लीचं रुग्णालय नव्हे) नावाच्या चाचणीने बघतात. आधी तोंडात गोळी, च्युइंगगम काही आहे का विचारायचं, कवळी बसते का विचारायचं, बूट-मोजे काढायला लावायचे. मग रुग्णाला एका हाताचं एकेक बोट भराभर अंगठ्यावर टेकवायला सांगायचं, नंतर दुसऱ्या हाताचं. रुग्णाचं लक्ष बोटांवर असतं. तपासणारीने त्या वेळी बघायचे ते चेहरा आणि पाय. लक्ष दुसरीकडे गुंतलं की ओठांची, जिभेची, पावलांची दबलेली हालचाल वर येते. हे नीट करायला पाच-दहा मिनिटं आणि तयार नजर लागते, आणि हे करणारी माणसं हवीच आहेत: २०११ ते २०१९ या काळात मेडिकेअरचे रुग्ण बघणाऱ्या पीएमएचएनपींची संख्या १६२ टक्क्यांनी वाढली, सायकियाट्रिस्टांची ६ टक्क्यांनी घटली.

शेवटचा दावा, परत येऊन क्लिनिक. हा सरळसरळ अडचणीत आणणारा सल्ला आहे. आपल्याकडे प्रिस्क्रिप्शनची औषधं नोंदणीकृत डॉक्टरने लिहायची असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मेंटल हेल्थ नर्सची स्वतंत्र व्याख्या आहे, राज्य प्राधिकरणाकडे तिची नोंदणीही आहे. पण त्याच कायद्याचं कलम १०६ सांगतं की आपल्या व्यवसायाच्या कक्षेत न बसणारं औषध किंवा उपचार कुणी सुचवायचा नाही. अमेरिकन डीएनपीमुळे ती कक्षा इथे रुंदावत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स आणला तो क्रिटिकल केअरसाठी. मनोविकारात इथे एमएस्सी आहे, एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, पीएचडी आहे. डीएनपी करून परतलेली बाई शिकवू शकेल, मनोरुग्णालयाची व्यवस्था सुधारू शकेल, समुपदेशनात डॉक्टरांसोबत काम करू शकेल. दारावर 'मनोविकारतज्ज्ञ' अशी पाटी मात्र तिने लावू नये.

ज्यांना तरीही जायचंय त्यांनी जरूर जावं, माझ्या काही विद्यार्थिनी त्या वाटेवर आहेतही. फक्त त्या नंबरवर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: कोर्सला सीसीएनई किंवा एसेन या नर्सिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, प्रिसेप्टर कोण शोधणार, आणि तुम्ही राहणार त्या राज्यातले विद्यार्थी ते विद्यापीठ घेतं का. फोनवर "हो मॅडम, सगळं होतं" असं उत्तर मिळालं, तर ईमेलवर पाठवा म्हणायचं.