खिडकीतलं तळं

डोंबिवली पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा दलालाने हॉलची खिडकी सर्रकन सरकवून दाखवली होती. "खाडीचा वारा आहे, साहेब. पंखा लागणार नाही." यात खोटं काहीच नव्हतं. फक्त तो वारा पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो आणि एकटा येत नाही, एवढंच सांगायचं तो विसरला.

पण सुरुवात वाऱ्याने नव्हे, मुंग्यांनी केली. राहायला गेलो त्या एप्रिलात खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधून मुंग्यांची रांग थेट साखरेच्या डब्याकडे निघाली. मी माग काढला. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला, अगदी तळाशी, दोन भोकं! करंगळीच्या नखाएवढी. अ‍ॅल्युमिनियमवाल्याने स्क्रूसाठी पाडली असणार आणि चुकलं म्हणून तशीच सोडून दिली असणार. आजकाल कामात लक्ष कुणाचं असतं? मी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि दोन्ही भोकं अशी काही बुजवली की हात फिरवला तरी कळू नये. हिला बोलावून दाखवलं. हीसुद्धा "वा" म्हणाली. पुढच्या चार वर्षांत या खिडकीपाशी मला मिळालेला तो एकमेव "वा".

जून लागला आणि खिडकीत तळं साचलं. पाऊस काचेवर आपटायचा, ओघळून ट्रॅकमध्ये यायचा, ट्रॅक काठोकाठ भरला की आतल्या भिंतीवरून सोफ्याच्या पाठीकडे निघायचा. मी ट्रॅकमध्ये जुन्या बनियनच्या वळकट्या ठेवल्या. त्या दोन तासांत भिजत, म्हणून रात्री दोनचा आणि चारचा गजर लावून उठायचं, बनियन बादलीत पिळायचे, परत ठेवायचे. "मुलगी तान्ही होती तेव्हा एकदा तरी उठला होतात का?" असं ही कुशीवर वळताना म्हणायची.

दुसऱ्या वर्षी चौकटीच्या चारी बाजूंनी सिलिकॉन मारलं. तिसऱ्या वर्षी पल्ले घट्ट सरकतात म्हणून ट्रॅकमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं. पल्ले आठवडाभर लोण्यासारखे पळाले. मग रस्त्यावरची धूळ त्या तेलावर बसली आणि त्याचं जे काळं चिखलपाक झालं, ते काढायला जुना टूथब्रश, केस विंचरायचा कंगवा आणि शेवटी उलथनं लागलं. उलथन्याचा विषय घरात अजून मिटलेला नाही.

दिवाळीची सफाई हा तर वेगळाच अध्याय. काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते. ते क्षाराचे असतात, साबणाला दाद देत नाहीत. पाण्यात व्हिनेगर घालून पुसलं की विरघळतात. हे खरं आहे, मी केलंय. घराला तीन दिवस लोणच्याच्या बरणीचा वास येतो एवढंच. पुसल्यावर पट्टे राहतात ते आतून की बाहेरून हे कळावं म्हणून आतून आडवं पुसायचं आणि बाहेरून उभं, अशी एक युक्ती कुणीतरी सांगितली होती. पण बाहेर ग्रिल. ग्रिल आणि काच यांच्यात माझा हात कोपरापर्यंतच जातो आणि तिथून जेमतेम मनगट हलतं. त्यामुळे माझे पट्टे तिरके आले. युक्तीत तिरक्याची सोयच नव्हती.

आई हे सगळं सोफ्याच्या कोरड्या टोकावर बसून बघायची. तिचा जन्म कोकणातल्या लाकडी खिडक्यांत गेलेला. उन्हाळ्यात लाकूड सुकून फटीतून कवडसे येणार, आषाढात तेच लाकूड दमट हवेने फुगून झडपा चौकटीत रुतून बसणार. "मे महिन्यात झडपेच्या कडेला मेणबत्ती घासायची," ती म्हणाली. "आणि पावसात लागली असेल तर उघडायची नाही, उघडी असेल तर लावायची नाही. झालं की!" इतकं सुटसुटीत मेंटेनन्सचं धोरण आमच्या सोसायटीच्या कमिटीलाही सुचलेलं नाही.

यंदा मे महिन्यात मात्र हिने परस्पर खिडकीवाल्याला बोलावलं. विशीतला पोरगा, कानाला ब्लूटूथ. त्याने आधी एकेक पल्ला दोन्ही हातांनी वर उचलला, खालून आत ओढला आणि भिंतीला टेकवून ठेवला. दहा सेकंदांत! चार दिवाळ्या मी ग्रिलमध्ये हात अडकवून काढल्या, आणि हे पल्ले निघतात? मग तो वाकला, ट्रॅकवर बाहेरून बोट फिरवलं आणि कानातलं यंत्र काढलं.

"काका, पाणी जायची भोकं कुणी बुजवली?"

मी पंख्याकडे पाहिलं.

"सरकत्या खिडकीत पाणी येतंच हो. ते ट्रॅकमध्ये जमतं आणि या भोकांतून बाहेर जातं. म्हणून तर आतली कड उंच ठेवतात. कुठल्या येड्याने..."

"आधीचे मालक असतील," मी म्हणालो. घर आम्ही बिल्डरकडूनच घेतलंय. ही काही बोलली नाही. फक्त स्वयंपाकघरातून उलथनं आणून त्या पोराच्या हातात दिलं. भोकं खरवडायला.

सिलिकॉन निघालं. पोराने पल्ले बसवले, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. क्षणभर ते थबकलं, जणू चार वर्षांत वाट विसरलं असावं. मग गुळगुळ आवाज करत दोन्ही भोकांतून बाहेर पळालं. ट्रॅक रिकामा. मी आनंदाने आणखी दोन तांबे ओतले. आई म्हणाली, "पुन्हा ओत रे, बघू." तिसरा ओतला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. हातात परात, परातीत ग्रिलवर वाळत घातलेल्या कुरडया. आता चिकाच्या अवस्थेला परतलेल्या.

"चार वर्षांत तुमच्या खिडकीतून कधी थेंब पडला नाही हो," काकू म्हणाल्या, "आजच काय झालं?"