पहिला नंबर कोणाला द्यायचा

परभणीच्या मोंढ्यात दादांचं आडतीचं दुकान आहे. सौदे सुरू व्हायच्या आधी त्यांचा मला इकडे लंडनला रोज एक व्हॉइस मेसेज येतो. मागे हमालांची हाकाहाक आणि हातगाड्यांची खडखड ऐकू येते. गेल्या महिन्यात एका सकाळी त्यात सोयाबीनचा भाव नव्हता, जेम्स बाँड होता. घरच्या ग्रुपवर भाच्याने विचारलं होतं, मूळ मालिकेतल्या २५ सिनेमांमधले आपापले आवडते पाच क्रमाने सांगा. दादांनी पहिला नंबर 'ऑक्टोपसी'ला दिला. माझ्या पाचांत तो कुठेच नव्हता. तिथून जो वाद सुरू झाला तो अजून चालूच आहे.

"तू तिकडचं पाणी पिऊन बोलायलास," दादा म्हणाले. "उदयपूर आपलं, कबीर बेदी आपला, विजय अमृतराज आपला, अन् तुला तोच नको झाला?"

हे मला लागलं. त्यात तथ्य आहे म्हणूनच लागलं.

'ऑक्टोपसी' १९८३चा. आम्ही तो पाचेक वर्षांनी गावाकडच्या घराच्या अंगणात पाहिला, एका रात्रीसाठी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. टीव्ही खाटेवर ठेवला होता. इंग्रजी कोणालाच धड समजत नव्हतं. दादा तेव्हा कॉलेजात होते, ते गोष्ट जुळवून सांगायचे आणि आम्ही ती खरी धरायचो. कबीर बेदी मुठीत फासे चिरडून त्यांची भुकटी करतो, तेव्हा मामांनी नकळत स्वतःची मूठ आवळलेली मला अजून दिसते. उदयपूरच्या बाजारात रिक्षांचा पाठलाग सुरू झाला, टेनिसपटू अमृतराजने रॅकेटने गुंडांना झोडपलं आणि सगळं अंगण उभं राहिलं.

पुढे लंडनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तोच सिनेमा ऑफिसातल्या चौघांसोबत पाहिला. आता शब्दन्‌शब्द कळत होता. जुगारात जिंकलेल्या नोटांची गड्डी बाँड आपल्या हिंदुस्थानी मदतनिसाच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, काही आठवडे तुमच्या करीची सोय झाली. चौघं हसले. मनात काही वाईट ठेवून हसले नाहीत, भली माणसं आहेत ती. पण मला हसू आलं नाही. मग पुढचं सगळं नीट दिसायला लागलं. निखाऱ्यांवरून चालणारा, खिळ्यांवर झोपलेला, तलवार गिळणारा, सगळे एकाच बाजारात हजर. अंगणात आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या त्या याच बाजाराला.

दादांचं म्हणणं असं की ते वाक्य कळलं असतं तरी आम्ही तितकेच खूश झालो असतो, कारण पडद्यावर आपली माणसं होती. मी ते नाकारत नाही. कॅन्टीनमध्ये तुमच्या डब्याकडे बघून कोणी नाक मुरडलेलं नसेल, तर ते वाक्य कानावरून निघून जातं. मुरडलेलं असेल तर ते रुततं. मला रुतलंय, म्हणून माझ्या यादीत तो सिनेमा येणार नाही.

असाच एक वाद २०१५मध्ये झाला होता. 'स्पेक्टर'मधली चुंबनदृश्यं आपल्या सेन्सॉरने जवळजवळ निम्मी कापली. दादा म्हणाले, बरं झालं, मुलं-बाळं घेऊन बघता आला. मी इथे अख्खा पाहिला होता. त्या कापलेल्या सेकंदांत काही विशेष नव्हतं, तरी मोठ्या माणसांनी काय बघावं हे दुसऱ्याने ठरवू नये, असं मी भांडून सांगितलं. आजही तेच म्हणतो. एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. मी सिनेमा एकटा बघतो. दादा वहिनी, दोन पोरं आणि आत्याला घेऊन बघतात.

माझी यादी सांगतो. पाचवा 'द लिव्हिंग डेलाइट्स', त्यातला बाँड झालेल्या टिमथी डाल्टनवर अन्याय झाला असं मला कायम वाटतं. चौथा 'कसिनो रोयाल'. तिसरा १९६९चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस', बाँड म्हणून जॉर्ज लेझनबीचा एकुलता एक. ग्रुपवर त्याला पडेल बाँड म्हणतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. लग्नाच्या दिवशीच बायको मारली जाते आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तो पोलिसाला सांगतो, ती जरा विसावा घेतेय. बाँड रडका झाला म्हणून अलीकडच्या डॅनियल क्रेगला बोल लावणाऱ्यांनी आधी हे बघावं. दुसरा १९६३चा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'. साहेबी रिवाजात माशाबरोबर पांढरी वाइन घेतात; शत्रू तांबडी मागवतो तिथेच तो उघडा पडायला हवा होता, हे बाँडला फार उशिरा कळतं. मग रेल्वेच्या डब्यात, निळसर उजेडात, दोघांची हातघाई. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्री सगळे झोपले की तसाच निळा दिवा जळायचा. वरच्या बर्थवरून मी तो बघत पडायचो.

पहिला 'स्कायफॉल', २०१२चा. सगळं हरल्यावर बाँड स्कॉटलंडमधल्या आपल्या जुन्या घरी जातो. आई-वडील गेल्याचं कळल्यावर पोरगा दोन दिवस घराखालच्या भुयारात लपून बसला होता, हे म्हातारा राखणदार सांगतो. त्या जागी मी थिएटरात रडलो. आमच्या गावातलं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर तेव्हा नुकतंच रिकामं झालं होतं. आई दादांकडे परभणीला राहायला आली होती. पुढे कळलं की ते घर स्कॉटलंडमध्ये नव्हतंच, इथे सरेमध्ये हँकली कॉमनच्या माळावर उभारलेला सेट होता. एका रविवारी तिथे जाऊन आलो. नुसतं गवत आणि वारा.

दादांना हे सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण ते घर तर बाँडनंच उडवून दिलं ना? अन् मला माळवद पाडू नको म्हणायलास. तू तिथून राखायला सांगतोस, दर उन्हाळ्यात वर पांढरी माती मी टाकतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. परवा त्यांनी फोटो पाठवला. माजघराच्या भिंतीवर पाण्याचे ओघळ, खाली आईचं जुनं पितळी पातेलं. सोबत स्लॅबच्या खर्चाचा अंदाज, आणि निरोप: डिसेंबरात ये, समोरासमोर बसून ठरवू, 'ऑक्टोपसी' पण लावू.

तिकीट काढलंय. करीच्या त्या वाक्यापाशी सिनेमा थांबवून मी सगळ्यांना अर्थ सांगणार आहे. माळवदाचं अजून ठरलेलं नाही.