'हे तूच लिहिलंस का?' असं एआयला विचारून काही कळत नाही!

शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, 'मुलांनी एआयकडून लिहून घेतलंय का, ओळखायच्या ४ खात्रीशीर पद्धती'. तो माझ्या भाचीच्या सरांपर्यंत पोचला आणि तिने रात्री जागून लिहिलेला इंग्रजी निबंध 'एआयचा' ठरला. पोरगी दोन दिवस धड जेवली नाहीये. म्हणून आता एकेक मुद्दा घेतेच.

पहिली पद्धत म्हणे निबंध चॅटजीपीटीत टाका आणि 'हे तू लिहिलंस का' विचारा, ते खरं सांगतं. अहो कसं सांगेल? दुसऱ्या कोणाला त्याने काय लिहून दिलं हे उत्तर देताना त्याच्यासमोर नसतंच, ते पुढचा शब्द कुठला यावा याचा अंदाज बांधत वाक्य जुळवतं, त्यामुळे तुम्ही विचाराल तसं उत्तर फिरतं. मी माझ्या २०१६ च्या रिपोर्टातला एक परिच्छेद टाकला तर म्हणे 'हो, हे मी लिहिलेलं असू शकतं', आणि 'नाही, हा माझा आहे' म्हटल्यावर लगेच माफी मागून मोकळं. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये! मे २०२३ मध्ये अमेरिकेत टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटी-कॉमर्समध्ये एका प्राध्यापकांनी हेच केलं आणि ऐन पदवीच्या तोंडावर मुलांचे मार्क अडकले. मग मुलांनी गुगल डॉक्समधल्या वेळेच्या नोंदी दाखवल्या, युनिव्हर्सिटीने चौकशी केली आणि बऱ्याच जणांवरचा आळ गेला. एकाने मात्र वापरल्याचं कबूल केलं, तेही सांगते.

दुसरी, डिटेक्टर, म्हणजे मजकूर एआयचा आहे का ते ओळखणारं सॉफ्टवेअर. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. त्यांच्याच चाचणीत एआयच्या मजकुरापैकी फक्त २६% पकडला गेला आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९% उगाच एआयचा ठरला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध ७ डिटेक्टरांना दिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले हे निबंध, आणि सरासरी ६१% एआयचे ठरले! अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. कारण साधं आहे, पुढचा शब्द सहज ओळखता आला की डिटेक्टरला ते मशीनचं वाटतं, आणि परक्या भाषेत लिहिणारा माणूस साधे, ओळखीचेच शब्द वापरणार ना! म्हणजे जी मुलं धडपडत इंग्रजी लिहितात त्यांच्यावरच हा आळ जास्त येतो, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तिसरी, 'एआयच्या मजकुरात छुपा वॉटरमार्क असतो'. यात थोडं तथ्य आहे, मान्य. गुगलचं सिंथआयडी हे तंत्र त्यांच्याच जेमिनी या एआयच्या मजकुरात तसली खूण घालतं. पण प्रत्येक एआयच्या मजकुरात ती असेलच असं नाही, आणि मजकूर नीट बदलून लिहिला किंवा भाषांतर केला की पुसट होते.

चौथी, लांब डॅश दिसला की एआय. छापील पुस्तकं उघडा, शेकडो वर्षांपासून डॅश आहेत त्यात.

मुलं एआयकडून लिहून घेतात हे खरंच आहे, ते कोण नाकारतंय. पण शंका आली तर मुलाला समोर बसवा, त्याच निबंधावर बोलायला लावा, कच्चा मसुदा आणि डॉक्युमेंटची हिस्टरी मागा. आणि हा मेसेज पुढे ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर तो चुकीचा आहे हेही टाका.