पन्नास राज्यं, पन्नास स्प्रिंगफील्ड? छे!

'अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. अर्थ, वसंतातलं शेत. मॅसॅच्युसेट्सचं मूळ, बाकी सगळी त्याचीच पिल्लं. अब्राहम लिंकन राहायचा ते सगळ्यात मोठं. सिम्पसन्स या कार्टून मालिकेतलं मात्र निव्वळ काल्पनिक.' हा मजकूर सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. खरं म्हणावं असं त्यात फार थोडं आहे.

प्रत्येक राज्यात? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने मोजलं, तेव्हा हे नाव ३४ राज्यांत सापडलं. सगळ्यात पसरलेलं नाव निघालं रिव्हरसाइड, ४६ राज्यांत. अलास्का, हवाई, लुइझियाना आणि ओक्लाहोमात तेही नाही. घोळ होतो तो एकाच राज्यात तीच नावं पुन्हा पुन्हा येतात म्हणून. न्यू जर्सीत स्प्रिंगफील्ड टाउनशिप (म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं गाव) दोन आहेत. पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाच्या आसपासच दोन, एक डेलावेअर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), दुसरी माँटगोमेरीत. आपल्याकडे वडगावं पैशाला पासरी, मावळातलं वेगळं, शेरीचं वेगळं. म्हणून भारताच्या प्रत्येक राज्यात वडगाव आहे असं कोणी म्हणतं का?

अर्थाचं तर हसूच येतं. स्प्रिंग म्हणजे वसंत, पण झराही. ओरेगनमध्ये ब्रिग्ज कुटुंबाच्या जमिनीत झरा होता. झऱ्याकाठच्या शेताला कुंपण पडलं आणि तेच वस्तीचं नाव झालं. वसंताचा काही संबंध नाही, आणि मॅसॅच्युसेट्सचाही नाही! म्हणजे पिल्लांचा मुद्दाही इथेच निकालात निघाला. बरं, ज्याला मूळ म्हणतात तेही उसनंच. १६३६ मध्ये ती वसाहत वसवणारा विल्यम पिंचन इंग्लंडमधल्या एसेक्सचा. चेम्सफर्डजवळच्या त्याच्या स्प्रिंगफील्ड गावावरून हे नाव आलं.

लिंकनचं, म्हणजे इलिनॉयचं, स्प्रिंगफील्ड त्या राज्याची राजधानी आहे एवढंच. २०२० च्या जनगणनेत मिझुरीचं मोठं ठरलं, मॅसॅच्युसेट्सचंही इलिनॉयच्या पुढेच.

राहिले सिम्पसन्स. निर्माता मॅट ग्रेनिंग ओरेगनमधल्या पोर्टलंडचा. २०१२ मध्ये त्याने एका मुलाखतीत सरळ सांगून टाकलं, की नाव ओरेगनच्याच स्प्रिंगफील्डवरून घेतलं. ते नाव जिकडेतिकडे आहे, हे त्याच्या पथ्यावर पडलं: प्रत्येकाला वाटणार, हे आपलंच गाव. बरीच वर्षं त्यानेही लोकांना तसं वाटू दिलं.