जीभ ठिकाणावर आहे का?

कुर्डुवाडीला एका माणसाने मला गाडीतून जवळजवळ खाली उतरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, खालचा बर्थ, अंगावर आपली घरची चादर (सोलापूरचा माणूस दुसऱ्या गावची चादर अंगावर घेत नाही, घेतली तर घरी सांगत नाही), पाठ टेकली आणि डोळा लागला. थोड्या वेळाने कुणीतरी खांदा हलवतंय. "काका उठा, तुमचं स्टेशन आलं." मी धडपडत चप्पल घातली, पिशवी उचलली, दारापर्यंत गेलो, एक पाय प्लॅटफॉर्मवर टाकला आणि मग पाटी वाचली. मला जायचं होतं कल्याणला. परत येऊन बघतो तर सगळे डोळे गच्च मिटून पडलेले, फक्त वरच्या बर्थवरची एक चादर हसू दाबताना हलत होती.

घरी येऊन हे सांगितलं, म्हणलं बायको जरा हळहळेल. ती म्हणाली, "त्या माणसाचा नंबर घेतला का?"

आता खरं सांगायचं तर माझं घोरणं नवीन नाही. आम्ही अशोक चौकाच्या बाजूला राहतो, आमच्या भिंतीला लागूनच पॉवरलूम होते, दिवसरात्र खटाक खटाक, त्या आवाजात मी बिनबोभाट पंधरा वर्षं घोरलो. मग शेजारच्यांनी माग विकून टाकले आणि माझं बिंग फुटलं. पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या पद्मा अक्कांनी हिला विचारलं, "काय ओ, तुम्ही माग टाकलाव का घरात?"

जानेवारीत गड्ड्याची यात्रा बघायला माझी भाची मुग्धा पुण्याहून आली. ती दातांची डॉक्टर, वेडेवाकडे दात सरळ करणारी. मी टीव्ही बघत बसलो होतो, तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मामा, आत्ता तुमची जीभ कुठे आहे?"

पन्नाशीला आलो मी. पैसे कुठे आहेत, चावी कुठे आहे, डोकं ठिकाणावर आहे का, हे सगळं मला लोकांनी विचारलंय. जीभ कुठे आहे हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणलं, "तोंडातच आहे की."

"तळाशी लोळतीय. आणि तोंड उघडं आहे."

तिचं म्हणणं असं की जीभ रिकामी असताना टाळूला टेकलेली पाहिजे, टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरासं मागे, दाताला न लागता, 'न' म्हणताना जिथे टेकतं साधारण तिथे, मागची जीभही वर चिकटलेली, ओठ मिटलेले आणि श्वास नाकाने. जीभ हा स्नायूंचा गठ्ठा आहे, आठ स्नायू असतात तिच्यात, आणि ते सैल पडले की झोपेत जीभ मागे घसरते, घशाची वाट अरुंद होते, त्यातून हवा जाताना पडदे फडफडतात, ते घोरणं. वाट पूर्णच बंद झाली तर श्वास थांबतो. जीभ, ओठ, गाल यांची तालीम करून घेतात त्याला म्हणे मायोफंक्शनल थेरपी. आमच्यात जिभेला हाड नाही म्हणतात, तो दोष आहे एवढंच माहीत होतं, तिला जिमला घालता येतं हे माहीत नव्हतं.

पण मुग्धा शिस्तीची. आधी झोपेची तपासणी करा म्हणाली. म्हणून एक रात्र बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकात नळी असा झोपलो, हिने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, दोन चुलत्यांनी "लवकर बरे व्हा" लिहिलं आणि एकाने चुकून हात जोडले. रिपोर्ट आला बारा. म्हणजे तासाला बारा वेळा श्वास अडत होता किंवा पुरेसा जात नव्हता, प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, तीसच्या वर गेलं की गंभीर. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, कुशीवर झोपा, आणि सोबत ते जिभेचे व्यायाम करायचे तर करा. सौम्य हा शब्द मी घरी येऊन तीनदा मोठ्याने वाचला. बायकोने फक्त बारा ऐकलं.

मग मुग्धाने वाचायची यादी पाठवली. आधी वाचा, मग व्यायाम, असा हुकूम. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, लेजरच्या पलीकडे माझं वाचन म्हणजे लग्नपत्रिका. तरी सुरू केलं.

पहिला सापडला जॉर्ज कॅटलिन. अमेरिकेतला चित्रकार, तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये राहून त्यांची चित्रं काढायचा, आणि १८६२ मध्ये त्याने अख्खं पुस्तक लिहिलं, सार एवढंच की तोंड मिटा आणि जगा. त्याने पाहिलं की तिथल्या आया बाळ झोपलं की त्याचे ओठ बोटांनी हळूच मिटवतात. मी हे वाचून थक्क झालो, कारण आमची आजी मला "मिट ते तोंड, माशी जाईल" म्हणून हनुवटीखाली टपली मारायची आणि तिने त्यावर काही छापलं नाही.

मग जेम्स नेस्टर यांचं २०२० चं 'ब्रेथ'. या माणसाने प्रयोग म्हणून दहा दिवस स्वतःचं नाक बुजवून घेतलं, फक्त तोंडाने श्वास घेतला, आणि घोरणं भलतंच वाढलं. आपल्याकडे नाक दाबलं की तोंड उघडतं हे शेंबड्या पोराला माहीत आहे, यांनी त्यासाठी थेट स्टॅनफर्ड विद्यापीठ गाठलं. पण पुस्तक सोडवेना. नाक हवा गाळतं, ओलसर करतं, गरम करतं, शिवाय नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतं ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातं, आणि तोंडाने घेतलेल्या श्वासाला यातलं फारसं काही मिळत नाही. गंमत म्हणजे गुणगुणलं की नाकातला हा वायू पंधरा पटीने वाढतो असं स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं. मला एकदम आमचं भ्रामरी आठवलं. दुसऱ्या दिवसापासून हिशेब लिहिताना गुणगुणायला लागलो, तर साहेबांनी विचारलं, मार्च एण्डला एवढा आनंद कशाचा.

कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. मला वाटायचं तो नुसता कचरा. तर म्हणे तो रक्तात फार कमी झाला की रक्तच ऑक्सिजन सोडायला का-कू करतं, बोर नावाच्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने हे १९०४ मध्ये दाखवलं. मला लगेच समजलं, आमचा कॅशियर असाच आहे. तिजोरी भरलेली असते पण समोर व्हाउचर आल्याशिवाय हात सुटत नाही.

यादीतलं तिसरं जबड्यांवरचं होतं, २०१८ चं, सँड्रा कान आणि पॉल अर्लिक यांचं. लहानपणापासून मऊमऊ खाल्लं, चावलंच नाही तर जबडे लहान राहतात, दातांना जागा पुरत नाही, श्वासाची वाटही आखडते असं त्यांचं म्हणणं. हे वाचून मी पुस्तक उताणं ठेवलं आणि हिला हाक मारली. म्हणलं, कडक भाकरी! आपल्या गावात हजारो पोरं कडक भाकरी शेंगा चटणीशी कडाकडा फोडून मोठी झाली, जबड्याचा व्यायाम आपल्याकडे पाकिटात मिळतो. ही म्हणाली, "तुम्ही आमटीत भिजवून खाता."

यावर उत्तर नव्हतं म्हणून पुढचं पान वाचलं. तेवढ्यात ती म्हणाली, "तोंड मिटा." बघितलं तर खरंच, तोंड मिटा असं सांगणारी तीन पुस्तकं मी तोंड उघडं टाकून वाचली होती.

आणि इथून खरा छळ सुरू झाला. श्वास ही गोष्ट जोवर डोक्यात येत नाही तोवर छान चालते. एकदा लक्ष गेलं की संपलं, आता आत घेतला, आता सोडायचा का, सोडला, पुढचा कधी घ्यायचा, हे सगळं हाताने करावं लागतं, वरून जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात घट्ट नकोत, आणि त्यातच सात रस्त्याला गाडी चालवायची. तीन दिवस मी कुणाशी बोललो नाही, कारण बोललं की जीभ जागा सोडते. घरच्यांना वाटलं रागावलोय. तिसऱ्या दिवशी हिने माझ्या आवडीची भरली वांगी केली, मी मुकाट खाल्ली.

व्यायाम व्हिडिओ कॉलवर. एकात दोऱ्याला मोठं बटण बांधायचं, ते ओठांच्या आत दातांपुढे धरायचं आणि दोरा बाहेर ओढायचा, ओठांनी सोडायचं नाही. मी हिच्या शिवणाच्या डब्यातलं कोटाचं बटण घेतलं, ओढलं, ते सुटलं आणि सरळ देव्हाऱ्यातल्या समईला लागलं. दुसऱ्यात चमचा जिभेने पुढे ढकलायचा. तिसऱ्यात ओठ न हलवता गिळायचं, हे ऐकायला सोपं आहे, करून बघा. (बघितलंत ना आत्ता?) आणि चौथा मला सगळ्यात जमला, अख्खी जीभ टाळूला चोखून चिकटवायची आणि सोडायची, टॉक्! अगदी टांगेवाला घोड्याला करायचा तसा. दिवसातून तीनदा, वीस-वीस वेळा. ऑफिसात एकदा साहेब महिन्याचे आकडे वाचत असताना सवयीने दोन टॉक् सुटले. साहेब थांबले. म्हणाले, "पटत नसेल तर स्पष्ट बोला."

मेव्हण्याला हे कळल्यावर त्याने शॉर्टकट काढला. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचं, हल्ली फॅशन आहे म्हणे, आणि तुमच्याकडे पॅकिंगची टेप तर फुकट. मुग्धा फोनवरच ओरडली. झोपेत श्वास अडणाऱ्याने किंवा नाक चोंदलेल्याने डॉक्टरला न विचारता असलं काही करायचं नाही, श्वासाची उरलीसुरली वाटही बंद होते. त्यापेक्षा डिजेरिडू वाजवा म्हणाली. हे ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांचं लांब लाकडी वाद्य, स्वित्झर्लंडमध्ये पंचवीस जणांवर अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला, त्यातल्या ज्यांनी चार महिने ते वाजवलं त्यांचा झोपेतला त्रास कमी झाला, आणि २०१७ ला त्यासाठी इग नोबेलचं (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं नोबेल) शांतता पारितोषिक मिळालं. शांततेचं! हिला हे फार पटलं. डिजेरिडू काही नवी पेठेत मिळेना, म्हणून मी देव्हाऱ्यातला शंख घेतला आणि गच्चीवर गेलो. शंखातून आधी नुसती फूऽऽ आली, मग म्हशीसारखा एक आवाज आला, आणि खालून पद्मा अक्का म्हणाल्या, "पाणी आलं का ओ? बादल्या लावू?" आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांनी एकदा येतं, माणूस कशालाही भोंगा समजतो. तो उपाय तिथेच थांबला.

तीन महिने झाले. परत तपासणी अजून केलेली नाही. वजन चार किलो उतरलंय आणि हिचं माप असं की पूर्वी दोन दारं बंद करून आवाज यायचा, आता एक बंद केलं तरी भागतं.

मागच्या आठवड्यात परत कल्याणला निघालो. तीच गाडी, खालचाच बर्थ. ठरवलं की आज डुलकी लागेपर्यंत जीभ ढळू द्यायची नाही. कुशीवर वळलो, ओठ मिटले, नाकाने हळू श्वास, चादर डोक्यावरून घेतली आणि म्हणलं रात्रीचे वीस राहिलेत तेवढे उरकून टाकू, चादरीत कुणाला ऐकू जाणार आहे. टॉक्. टॉक्. टॉक्. छान लय लागली. सोळा झाले, सतरा झाले, गाडीचा वेग कमी झाला, आणि अंधारातून वरच्या बर्थवरच्या माणसाचा शांत आवाज आला,

"काका, थांबवा आता टांगा. कुर्डुवाडी आलं."